ओळखी तिच्या होत्या

आमच्या झाडीपट्टीत नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, पण कोणाला घ्यायचं ते पोळ्याच्या आसपासच ठरून जातं. मी तबलजी. सारी उमर वडशाच्या नाटक कंपन्यांत वाजवलं. लोक म्हणायचे, हात चांगला म्हणून बोलावतात. हात चांगला होताच. पण चांगल्या हाताचे कितीतरी घरी बसून आहेत. मला काम मिळायचं ते बायकोमुळे.

कंपनीच्या ऑफिसात सगळे बसतात, चहा पितात, बाता मारतात. ठरतं मात्र मालकाच्या घरी, जेवताना. हे तिनं ओळखलं होतं. दर साली पोळा झाला की जवसाची चटणी कुटायची, डबा भरायची आणि माझ्यासोबत गाडीनं वडशाला यायची. मी ऑफिसात, ती मागच्या दारानं मालकिणीच्या चुलीपाशी. तांदूळ निवडू लागायची. कोणाच्या पोरीला स्थळ सांगायची, कोणाच्या सुनेचं बाळंतपण विचारायची. परतताना म्हणायची, "झालं तुमचं. यंदा बी तुमीच."

"काय बोलली तू?"

"तुमचं तं नावच नाई काढलं."

यंदा उन्हाळ्यात ती गेली. पोटात पाणी झालं होतं. चंद्रपूरला नेलं, तिथून नागपूरला, तिथून घरी आणलं. आम्हाला लेकरू नाही. पोळा झाला तरी कोणाचा फोन आला नाही. पैशाचं सोडा, पण सारा हिवाळा त्या घरात एकटं बसणं माझ्यानं होणार नव्हतं. म्हणून चटणी मीच केली. जवस थोडं करपलं. तसाच डबा घेऊन वडशाला गेलो.

आणि डबा नेऊन ठेवला ऑफिसातल्या टेबलावर. दुसरीकडे कुठं नेणार? बाई सोबत नसताना परक्याच्या चुलीपाशी माणूस जात नाही.

मालक थकले, आता तिथं त्यांचा पोरगा बसतो. डब्याकडं पाहून म्हणाला, "भाऊ, हे काय जी?"

"चटणी."

बाकावरचा एक नट म्हणाला, "काऊन तबलजी, धंदा बदलला का?" सगळे हसले.

पोरगा हसला नाही. म्हणाला, "भाऊ, वाजवतानाचा व्हिडिओ टाका ना ग्रुपवर. नाटक ठेवणारे गावचे मंडळवाले आता तेच पाहून सांगतात, कोण पाहिजे ते."

"तू पाळण्यात होता तवापासून मी वाजवून राह्यलो. व्हिडिओ कायचा पाह्यते?"

"राग नका मानू जी. पाहू आपण."

पाहू म्हणजे नाही. तेवढं मला समजतं.

डबा उचलला आणि त्यांच्या घरी गेलो. पुढच्या दारानं. ओसरीत बसलो. मालकीणबाई बाहेर आली आणि माझ्या मागं पाहू लागली.

"बाई कुठी हाये? मागून गेली का?"

"नाई आली."

"काऊन? बरं नाई का तिले?"

मी सांगितलं. ती उंबऱ्यातच खाली बसली. पदर तोंडाला लावला. मला सुचलं तसं मी बोलून टाकलं, "यंदा मले घ्या म्हणून पोराले सांगान का तुमी?"

तिनं डोळे पुसले. "भाऊ, पोरगं आता माह्यं ऐकत नाई. सून आली तवापासून चूल बी माह्या हातात नाई. मी कोणाले सांगू?" मग म्हणाली, "इतकी सालं आली ते, पण मले कई काई मागितलं नाई. मीच आमच्या मालकाच्या मागं लागो, का तबल्यावर तिच्याच नवऱ्याले घ्या म्हणून."

जेवून जा म्हणाली. मी जेवलो नाही.

वडशात अजून दोन-तीन कंपन्यांच्या घरी तिचं जाणं-येणं होतं. दारं मला ठाऊक होती. पण प्रत्येक दारात आधी ती कुठं आहे ते सांगावं लागलं असतं. मी सरळ स्टेशनवर गेलो. गाडीला वेळ होता. बसून राहिलो.