ह्यांचा हात

ही वही कुणाच्या हाती लागली तर माझ्या अक्षराला हसू नये, चुकांना माफ करावं. शाळा चौथीपर्यंतच झाली. लिहिताना ओळ खाली उतरते.

हे नौदलात वायरलेसवर होते. निवृत्तीनंतर समुद्रकाठी कायमच्या उभ्या केलेल्या एका जुन्या युद्धनौकेवर काम मिळालं. बघायला येणाऱ्यांना जुना वायरलेस सेट चालवून दाखवायचा. मी इकडं गावी, भोकरलाच राहिले. घरात ह्यांनी भंगारातून आणलेला एक सेट आहे, तो फक्त ऐकायचा. रोज सकाळी दहाला हे तिकडून संदेश पाठवायची चावी बोटांनी ठोकायचे. आखूड आवाज म्हणजे टिंब, लांब म्हणजे रेघ. मला ह्यांनीच शिकवलं. बहुतेक ‘जेवलीस का’ एवढंच यायचं. पण ठोकण्यावरून माणूस ओळखू येतो, चालण्यावरून येतो तसा. ह्यांची शेवटची रेघ जरा ताणलेली असायची.

त्या सोमवारी रेघा तुटक आल्या. मंगळवारी टिंबं एकमेकांत मिसळली. मी फोन लावला.

“चावी जुनी हाय, चिकटून राहिली,” हे हसले. “तू तुझी भाजी बघ, करपंल.”

सासऱ्यांना असंच एकदा शर्टाचं बटण लागेना. आम्ही सगळे हसलो होतो. आठ दिवसांत ते गेले.

बुधवारी हे अर्ध्या शब्दावर थांबले. नुसती खरखर. मग पुन्हा सुरू झालं, पाटीवर गिरवल्यासारखं सावकाश.

परक्या माणसाशी मला बोलता येत नाही. दुकानातसुद्धा बोट दाखवते. तरी जहाजावरच्या साहेबांना फोन केला.

“साहेब, ह्यांचा उजवा हात बघा.”

“वहिनी, भोकरला बसून नाडी बघता की काय? चावी म्हातारी झालीय. दुसरी लावतो.”

“चावी राहू द्या. ह्यांना शर्टाची बटणं काढून परत लावायला सांगा.”

साहेबांनी हसतच सांगितलं. फोन चालूच होता. हसणं थांबलं. कुणीतरी पळालं, लोखंडी जिन्यावर बूट वाजत गेले.

मेंदूत रक्ताची गुठळी होती. दवाखान्याचे पैसे साहेबांनी स्वतःच्या खिशातून भरले. हे वाचले. आता घरी असतात, चालतात. उजवा हात मांडीवर पडून असतो. दहा वाजले की हे सेटकडं पाठ करून दाराकडं तोंड करून बसतात, आणि मी सेटला हात लावत नाही.

ब्लाऊज शिवून मी दर महिन्याला साहेबांना पैसे पाठवत गेले. ते नको म्हणायचे, मी पाठवायचीच. काल शेवटचे पाठवले. सगळे फिटले.