तीन सह्यांची गाडी

माझ्या ताईच्या नवऱ्याला इथली आपली सगळी माणसं 'टॉवर' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि भाऊजींना ते आवडतं, म्हणजे बघा.

उंच इमारती बांधणाऱ्या एका कंपनीत ते एकोणीस वर्षं आहेत. काम काय, तर पायथ्याशी पत्र्याच्या केबिनमध्ये बसून वर जाणाऱ्यांचे परवाने तपासायचे. वेल्डिंग असो, काच बसवणं असो, कागदावर तीन सह्या झाल्याशिवाय कोणी हत्याराला हात लावायचा नाही. तिसरी सही झाली की भाऊजी शिक्का मारणार. स्वतः ते चौथ्या मजल्याच्या वर कधी गेलेले नाहीत, चक्कर येते. येऊ दे की, त्यात लाज कसली? पण मग बावन्नाव्या मजल्यावर वारा कसा घोंघावतो, हे आम्हाला किती वेळा ऐकवायचं? एकदा मी विचारलंच, भाऊजी, तुम्ही कधी गेला होतात तिथे? तर म्हणे, ड्रॉइंगवरून सगळं कळतं.

मी मेकॅनिक. शहराच्या कडेला गॅरेज आहे, तिथे गेली बावीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली आहे. माझ्या नखांतलं काळं माझ्या लग्नातसुद्धा निघालं नव्हतं. तेव्हा ड्रॉइंगवरून कळणाऱ्या माणसांबद्दल माझं मत काय असणार, ते सांगायला नको.

दर सुट्टीला सकाळी ताईच्या इमारतीच्या तळघरात, पार्किंगमध्ये, यांची सभा भरायची. भाऊजी, एक विम्याच्या कंपनीतला आणि एक बँकेत तक्ते करणारा. मी आपला ताईकडे यायचो म्हणून खाली डोकवायचो. विषय दोनच. समोरचा नवा टॉवर वाऱ्यात किती हलेल, आणि गाडी इलेक्ट्रिक घ्यावी की पेट्रोल. विमावाला पेट्रोलचा. त्याच्या मते बॅटरीची गाडी म्हणजे चाकांवरची शेगडी. तक्तेवाला विजेचा. मोबाईलवर रंगीत तक्ते काढून प्रत्येकाच्या नाकासमोर धरायचा. भाऊजी अध्यक्ष. सगळ्यांचं ऐकून ते म्हणायचे, अजून सहा महिने थांबायला हवं, तंत्रज्ञान बदलतंय. हे वाक्य मी चार वर्षं ऐकतोय. तेवढ्यात त्यांचे दोन टॉवर उभे राहून लोक राहायलासुद्धा आले.

आणि ही सगळी अक्कल पाजळायची कशावर, तर भाऊजींच्याच बंद पडलेल्या गाडीवर. म्हणजे खरोखर तिच्यावर. बॉनेटवर चादर, चादरीवर चहाचे कप, कपांभोवती हे तिघे.

गाडी चौदा वर्षांची, पेट्रोलची. मागच्या वर्षी उड्डाणपुलावर तापली, काटा लालमध्ये गेला, ओढत आणावी लागली. मी त्याच संध्याकाळी आलो. इंजिन थोडं चालवलं, दोन्ही पायपांना हात लावून बघितला. वरचा पाइप पोळतोय, खालचा गार. म्हणजे पाणी फिरू देणारी झडप, थर्मोस्टॅट, अडकली. मुठीत मावेल एवढी वस्तू आणि तासाभराचं काम. मी पाना काढलासुद्धा होता.

भाऊजी म्हणाले, थांब. दुरुस्त करायची की विकून इलेक्ट्रिक घ्यायची, ते आधी ठरू दे. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून कागद टाइप करून घेऊन आले. वर ठळक अक्षरात 'काम सुरू करण्याचा परवाना'. खाली तीन चौकटी. मालक, सल्लागार, तंत्रज्ञ. मालक ते स्वतः. सल्लागार विमावाला, का तर त्याने एकदा स्वतः वायपर बदलला होता. आणि तंत्रज्ञ मी.

मी हसलो. म्हटलं, भाऊजी, हजारभर इंजिनं उघडली असतील मी, बॉनेट उचलायला कधी सही केली नाही. नुसतं 'कर' म्हणा, करतो. ते म्हणाले, सहीशिवाय काम नाही. मी म्हटलं, मग राहू दे. पाना पिशवीत टाकला आणि निघून आलो. असे नऊ महिने गेले. गाडीच्या टायरांतली हवा गेली, बॅटरी बसली, चादर मात्र दर आठवड्याला धुतलेली असायची.

आता ताईचं सांगतो. तिकडे, आपल्या गावी असताना ताई शाळेत गणित शिकवायची. अकरा वर्षं शिकवलं. भाऊजींच्या मागे इथे आली आणि घरात बसली. मुलगी मोठी होऊन शिकायला गेली, तशी ताईने गाडी शिकायला घेतली. एक्कावन्नाव्या वर्षी. दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा लायसन घेऊन आली तेव्हा विमावाल्याने बायकांच्या ड्रायव्हिंगवर एक विनोद केला, तोही जुनाच.

मग तिने गपचूप अर्ज केले. शहराबाहेर, दगडाच्या खाणीच्या पलीकडे एक छोटी शाळा आहे, तिथे पहिली-दुसरीच्या मुलांना आकडेमोड शिकवायला तिला घेतलं. बस तिथपर्यंत जात नाही. मुख्याध्यापिकेने स्वच्छ सांगितलं, एक तारखेला सातच्या आत हजर पाहिजे, यायची सोय तुमची तुम्ही करा. नाहीतर दुसऱ्या बाई तयार आहेत.

ताई जिना उतरून खाली आली आणि सभेसमोर उभी राहिली. बारा दिवस हातात होते. "मला गाडी लागेल," ती म्हणाली. एवढंच. इथे आल्यापासूनच्या चौदा वर्षांत तिने काही मागितलेलं मला आठवत नाही.

सभेला काय, उधाणच आलं. तक्तेवाल्याने लगेच खाणीच्या रस्त्याचा चढ मोजून विजेचा हिशोब मांडला. विमावाल्याने वाटेत गाडी पेटली तर काय, यावर अर्धा तास घेतला, आणि एकदाची त्या कागदावर सही ठोकली. मालकाची सही पहिल्याच दिवशी झाली होती. राहिलो मी.

भाऊजींनी माझ्यापुढे पेन धरलं.

मी म्हणालो, "करतो की. आधी या दोघांसमोर म्हणा, मला गाडीतलं काही कळत नाही."

भाऊजींनी पेनाला टोपण लावलं. विमावाला चहात बघत बसला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आठवडाभर गॅरेजमध्ये मी तो चेहरा करून दाखवत होतो. सगळे पोट धरून हसायचे.

मला खात्री होती की भाऊजी नमतील. त्यांना खात्री होती की मी नमेन. मध्ये ताईचा एकदा फोन आला. "अरे, बघ ना जरा," म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला सांग. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, आता ती त्यांची चांगली खरडपट्टी काढेल.

एक तारखेला ती टॅक्सीने गेली. खाणीपाशी टॅक्सीवाला रस्ता चुकला, ट्रकांच्या रांगेत अडकला. शेवटचा चढ ताई चालत गेली. शाळेत पोचली तेव्हा सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. पहिलीच्या वर्गात दुसऱ्या बाई फळ्यावर आकडे लिहीत होत्या. मुख्याध्यापिकेने ताईला पाणी दिलं, वाईट वाटतं म्हणाली, आणि घरी परतायला दुसरी टॅक्सी बोलावून दिली.

मला दुपारी कळलं. दुकानातून थर्मोस्टॅट घेतला, गॅरेजमधली बॅटरी उचलली आणि तडक गेलो. कसली सही आणि कसलं काय. भाऊजी कामावरून लवकर आले होते. त्यांनी न सांगता टॉर्च धरला. पाण्याची टाकी रिकामी केली, दोन बोल्ट काढले, जुनी झडप काढून नवी बसवली, पाणी भरलं, टायरांत हवा मारली. पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ भाऊजी टॉर्च नेमका जिथे हवा तिथेच धरत होते.

ताई खाली आली. सीटवर बसली, गाडी सुरू केली आणि काट्याकडे बघत राहिली. काटा मध्यावर येऊन थांबला. तिने गाडी बंद केली.

मी नेहमीच्या तोऱ्यात सुरू केलं. म्हटलं, बघितलंस ना ताई, पन्नास मिनिटांचं काम, आणि हे महापंडित नऊ महिने नुसते बोलत बसले.

ताईने माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्यांना येत नव्हतं म्हणून ते बोलत बसले," ती म्हणाली. "तुला येत होतं."

मग तिने किल्ली भाऊजींच्या हातात दिली. "अहो, चला वर, चहा टाकते," म्हणाली. दोघं जिना चढून गेली. मला कोणी वर ये म्हटलं नाही.