सोमवारचा कोप

देव माझ्यावर रुसला आहे, याची माझी पक्की खात्री झाली होती. पुरावाच तसा होता. माधवनगरच्या एका गिरणीत मी कार्डिंग खात्यात होतो. तिथे कापूस पिंजला जायचा आणि त्याची धूळ धुक्यासारखी तरंगायची. रविवारी सुट्टी. सोमवारी कामावर गेलो की दुपारपर्यंत कुणी छातीला दोर आवळल्यासारखं व्हायचं. मंगळवारी दोर जरा सैल, पुढे बरं. आता नेमका महादेवाचाच वार धरून छाती आवळत असेल, तर माझ्यासारख्या हुशार माणसाने काय समजावं? मी लहान असताना आईने शिंगणापूरच्या महादेवाला नवस बोलला होता. तो न फेडताच ती गेली. झालं, कारण सापडलं.

मी सोमवार धरले, तेही निर्जळी. रिकाम्या पोटी तीच धूळ गिळत राहिलो. देवाने प्रसन्न होऊन मंगळवारही दिला, मग बुधवारही. पुढे सुट्टीच्या दिवशीसुद्धा धाप लागू लागली. मिरजेच्या डॉक्टरांनी दमा सांगितला, बिडी सोडा म्हणाले. मी आयुष्यात बिडी ओढली नव्हती. सोडता यावी म्हणून आधी धरावी की काय, असं वाटलं. थट्टा करायचो खरी, पण घरी पोरांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मोठा दुष्काळ सरल्यावरच्या चैत्रात आम्ही दोघं नवराबायको नवस फेडायला शिंगणापूरला गेलो. अर्ध्या चढणीवर माझा श्वास संपला. मंडळी म्हणाली, "आवं, एवढ्यात बसलासा? आता देवाला काय सांगू?"

"सांग, अर्ध्यावर बसलाय. कोप संपला असंल तर तूच खाली ये, म्हनावं."

ती रागाने एकटीच वर गेली. मी पायरीवर मान खाली घालून बसलो. नवससुद्धा फेडू देत नाही म्हणजे देवाने आपल्याला टाकलंच, असं वाटून रडू आलं. रडायलाही दम लागतो, हे तेव्हा कळलं.

शेजारी एक फेटेवाले म्हातारबा धापा टाकत बसले होते. माझ्या छातीची शिट्टी ऐकून म्हणाले, "पावनं, कापसाच्या गिरणीत हायसा जणू? सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी लय धरतं न्हवं?"

माझा सोमवार यांना कसा ठाऊक! मी त्यांचे पायच धरले.

"आवं, सोडा पाय! मी बी कार्डिंगचाच गडी. सुट्टीत छाती मोकळी हुती, दुसऱ्या दिशी फिरून धूळ बसती. ह्यो म्हादेवाचा कोप न्हाई, कापसाचा हाय. त्याच्यावर कशाला आळ घेता?"

"तुमचं बरं झालं मग?"

"बरं झालं असतं तर हितं बसलो असतो व्हय? वर न्हसतो का गेलो?"

एवढं बोलून ते काठी टेकत उतरू लागले. थांबत थांबत जाताना बराच वेळ दिसत होते. ते देवच होते का, असं मी नंतर मंडळीला विचारलं; देव असता तर उतरायला इतका वेळ लागला नसता, असं तिचं मत. तिने वरून आणलेलं भस्म माझ्या कपाळाला लावलं, तेव्हा मी पुन्हा रडत होतो. पण ते रडणं निराळं होतं.

छाती सुधारली नाही. मी खातं बदलून घेतलं, तोवर उशीर झाला होता. आता खाटेवरून दारापर्यंत जाणं हीच माझी यात्रा. पुढे काय, ते दिसतंच आहे. उपास मात्र सोडला. सोमवारी पोटभर जेवतो आणि श्वास पुरेल तेवढंच नाव घेतो. ते म्हातारबा कोण होते, मला ठाऊक नाही. वर जाणं माझ्या हातात नव्हतं. पण खाली ये म्हटलं, तेव्हा शेजारी कुणीतरी माझ्यासारखंच धापा टाकत बसलेलं होतं. मला तेवढं पुरलं.