कर्नल ठेवायचा कुठे?

संध्या मेश्राम गेल्याचं मला हुडको वसाहतीतल्या भाजीच्या दुकानात कळलं. जुना सहकारी सहज बोलून गेला, "चरोद्याच्या मेश्राम मॅडम गेल्या ना, मागच्या हप्त्यात." मी वांगी निवडत होतो, निवडतच राहिलो. काय वाटलं, ते महिन्यानंतरही नीट सांगता येत नाही...

आम्ही कारखान्याच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये होतो. मी अधिकारी, ती प्रोग्रामर. तिचे वडील रेल्वेत, त्यामुळे ती चरोदा या रेल्वेच्या गावाहून लोकलनं यायची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जुन्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम नव्या मशीनवर चढवायचं काम आमच्याकडे आलं. सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल, आणि मशीन सुरू होताच तो डिस्कवरून मेमरीत आणणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूट लोडर. मशीन सुरू केलं की पडद्यावर एक ओळ यायची आणि सगळं ठप्प. तीन आठवडे मी डिस्कला दोष देत होतो. एका दुपारी ती म्हणाली, "सर, डिस्क बरोबर हाये. कर्नल आणणारा तो बूट लोडर मेमरीत जिथं बसला हाये, तिथंच कर्नल आणून ठेवून राहिला. अर्धा आणला का लोडर सोताच पुसला जाते."

"मग जुन्या मशीनवर कावून चालत होतं?"

"तिथं कर्नल लहान होता. इथं वाढला. लोडरले आधी वर सरकवा, मंग कर्नल आणा."

मी "बघू" म्हणालो. निदान मला तसं आठवतं. चार दिवसांनी तिनं ते करून दाखवलं, मशीन उठलं, आणि अहवालावर नाव गेलं माझं. साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा मी गप्प बसलो. ती रागावली असती तर मला कळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखीच डब्यातली झुणका-भाकर पुढे केली. हे माफ करणं होतं, की तिला काही वाटलंच नव्हतं? पुढे माझी बदली झाली; विचारायचं राहिलं.

परवा चरोद्याला तिच्या घरी गेलो. तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई सांगे, लोडर कुठं सरकवायचा ते सरांनीच मले सांगतलं."

"नाही हो, उलट आहे ते," मी म्हणालो. "सगळं तिचंच होतं."

त्यानं मला तिच्या खोलीत नेलं. टेबलाच्या काचेखाली आलेखाचा कागद होता. त्यावर मेमरीचे चौकोन आखलेले, खाली कर्नल, वर लोडर. अक्षर तिचं, बारीक आणि गोल. फक्त सर्वांत वरच्या, लोडरच्या चौकोनातला मेमरीचा पत्ता, म्हणजे तो कुठं सरकवायचा तो आकडा, माझ्या हातचा होता. त्यातला सात मी तसाच काढतो, मधे आडवी रेघ देऊन. तो कधी लिहिला, काही केल्या आठवेना. भाऊ चहा घेऊन आला, तरी मी त्या रेघेकडेच बघत उभा होतो.