माहेरच्या नावाचं रजिस्टर

लग्न होऊन मी घाटघरहून पेठेला आले, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. लग्नात तांदळाच्या ताटात माझं नवं नाव लिहिलं गेलं आणि सासरी सगळे त्याच नावानं हाक मारू लागले. पण त्याआधी मी नर्सिंगच्या ट्रेनिंगचा अर्ज केला होता, माहेरच्या नावानं. मुलाखतीचं पत्र आलं तर सासरी पाठवा, असं वडिलांनी पोस्टात सांगून ठेवलं होतं. सासऱ्यांना हे ठाऊक होतं आणि मुळीच पसंत नव्हतं.

एका दुपारी मी आणि सासूबाई पडवीत कांदे निवडत होतो. नवरा चाकणला कामावर गेलेला. नेहमीचे पोस्टमन रजेवर होते. त्यांच्या जागी आलेल्या माणसानं अंगणात सायकल लावली आणि ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांना माझं जुनं नाव वाचून दाखवलं.

"रजिस्टर पत्र आहे. कोण आहेत या?"

"या नावाचं आमच्यात कुणी न्हाई," सासरे म्हणाले.

परक्या माणसासमोर सासऱ्यांचा शब्द खोडायची रीत नव्हती. पोस्टमननं पाकीट पिशवीत टाकलं, सायकल वळवली. तेव्हा मी उठले आणि पायरीपर्यंत गेले.

"दादा, ते माझं हाय."

सासरे त्याला म्हणाले, "बरं, आण इकडं. मी करतो सही. घरचा कर्ता हाय मी."

"आत्ताच तुम्ही म्हणालात, असं कुणी नाही. आता तुमच्या सहीवर कसं देऊ?" तो माझ्याकडे वळला. "ज्याचं त्यालाच देईन. पण ताई, मी तुम्हाला ओळखत नाही. तुमची ओळख कोण देतंय?"

रेशनकार्डावर माझं नाव अजून चढलं नव्हतं. शाळेचा दाखला माहेरी राहिलेला. सासऱ्यांनी तोंड फिरवलं.

सासूबाई पदरावरची टरफलं झटकत उठल्या. नवऱ्यापुढं त्या कधी मोठ्यानं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"हीच ती. म्हायेरचं नाव हाय तिचं. कुठं अंगठा करू?"

पोस्टमननं त्यांचा अंगठा घेतला. शेजारी मी जुन्या नावानं सही केली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं, की आता हा पाकीट परत मागतो की काय, असं वाटलं. पण तो सहीचा कागद पिशवीत टाकून निघून गेला.

संध्याकाळी सासऱ्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "तूच फूस देतीस तिला," म्हणाले. सासूबाईंनी आर्जव केलं नाही. ताट उचलून आत झाकून ठेवलं.

मुलाखतीला पुण्यापर्यंत त्याच माझ्याबरोबर एसटीनं आल्या. माझी निवड झाली. ट्रेनिंग संपेपर्यंत सासरे माझ्याशी बोलले ते सासूबाईंमार्फतच. मी सुट्टी संपवून परत निघायचे, तेव्हा ते ओट्यावरून सासूबाईंना म्हणायचे, "तिला सांग, गाडीची येळ झाली."