अंगणातला फोकस

घरात मला सगळे संशयी म्हणतात. पाहुणा चहा नको म्हणाला तरी का नको, ते मी शोधत बसते. स्वभावाला औषध नाही.

मागच्या दसऱ्याला माझे धाकटे दीर नांदेडहून आमच्याकडे शिरूर अनंतपाळला आले, ते अंगणासाठी फोकसचा मोठा दिवा घेऊनच. मिस्त्री बोलवू म्हटलं तर म्हणाले, "एवढ्याशा कामाला मिस्त्री कशाला वहिनी? मी करून राहिलो ना." न्हाणीच्या बोर्डातून त्यांनी वायर ओढली, मध्ये जोड दिला, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि फोकस लोखंडी पाइपाला बांधला. कपडे वाळत घालायची तारही त्याच पाइपाला.

"भाऊजी, जोड पाइपाला घासून राहिलाय," मी म्हटलं. ते हसले. सासूबाईंनी डोळे वटारले. शेंडेफळाच्या कामाला नाव ठेवणारी थोरली सून म्हणजे जळकुकडीच. मी गप्प बसले, म्हणजे आणखी दोनदाच बोलले.

अंगण मात्र लख्ख उजळलं. सासूबाई आल्यागेल्याला दाखवायच्या, "माझ्या लेकानं लावलाय."

भाऊजी परत गेले आणि सासूबाईंचं वागणं बदललं. मी धुतलेल्या कपड्यांची बादली उचलली, तर त्यांनी ती हातातून ओढूनच घेतली. "मी घालते वाळत. तू भाकरी बघ." मग रोज तेच. गुडघे धरून चालणारी बाई, पण मला तारेजवळ फिरकू देईना. शेजारणीला दाखवायचं असेल, सून बसून खाते म्हणून. मी आतल्या आत धुमसत होते.

एका सकाळी तुळशीला पाणी घालताना त्यांच्या पायात रबरी चपला दिसल्या. मी एकदा चपलेसकट तुळशीजवळून गेले, तर याच बाईनं मला दिवसभर धारेवर धरलं होतं! पाय दुखत असतील म्हणावं, तर घरात त्या अनवाणीच. मग माझ्या लक्षात आलं, की तुळस त्या तारेखालीच आहे.

त्या देवापुढे बसल्या तेव्हा मी टेस्टर घेऊन बाहेर गेले. फोकसचं बटण बंद होतं. ओल्या लुगड्याशेजारी तारेला टेस्टर टेकवला. तरीही पेटला.

मेन बंद केला आणि तशीच आत गेले.

"आत्याबाई, तारेत करंट हाय. तुमाला ठावं होतं?"

त्यांनी समईची वात सारखी केली. "लई न्हाई. झिणझिण्या येत्यात. चपला घातल्या की येत न्हाईत. लेकरानं हौसेनं लावलाय, त्याला कसं सांगावं?"

"अन् माझ्या हातची बादली?"

"तुला बी बसला असता की."

मला रडू आलं आणि रागही तितकाच आला. "मग मला तरी सांगायचं!"

"तुला?" त्या म्हणाल्या. "तू गप बसली असतीस व्हय?"

बोलता बोलता मी भाऊजींना फोन लावलाच होता.

"हां वहिनी," पलीकडून आवाज आला, "फोकस कसा हाय?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे हात जोडलेले होते, पण देवाकडे नव्हते.

"लख्ख हाय, भाऊजी," मी म्हटलं. फोन ठेवला आणि मिस्त्रीला लावला.