हाकेचा चिरा

पाचगणीहून वाईकडं उतरताना घाट निम्मा संपला की एक निसर्गोपचार केंद्र लागतं. आजाराला कंटाळलेली माणसं तिथं पंधरा पंधरा दिवस येऊन राहतात. पोटावर माती थापून घेतात, वाफेच्या पेटीतून मान तेवढी बाहेर काढून बसतात आणि दुधी भोपळ्याचा रस पिताना एकमेकांकडं बघायचं टाळतात. त्यांना तग धरायला लावायचा तो बुधवार. बुधवारी केंद्राची गाडी निघायची. वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट आणि तिथली ती मोठी घंटा, नदीकाठी शिदोरी, आणि शेवटी नांदजाईचा गड. पाचच्या शेकाला सगळी परत. गाडी चालवायचा नाथाजी आणि इतिहास सांगायचा तोही नाथाजीच.

नाथाजी नांदजाईच्या पायथ्याच्या वाडीतला. सतरा वर्षं फौजेत गाडी चालवून पेन्शनीत आलेला. इतिहास त्याला कुणी शिकवला नव्हता. आधीच्या ड्रायव्हरकडून ऐकलेलं, शाळेत पाठ केलेलं आणि उरलेलं पदरचं, असा त्याचा कारभार. पदरचं घालताना त्यानं हात कधी आखडता घेतला नाही. मेणवलीच्या घंटेचं वजन त्याच्या तोंडी दर पावसाळ्यात थोडं वाढायचं. गडाच्या दारात त्याची बायको रंगुबाई भज्यांचं दुकान मांडून बसायची. रसावर सुकलेले पेशंट तिथं डॉक्टरांची शपथ मोडून दोन दोन प्लेट कांदाभजी हाणायचे, आणि नाथाजी तेवढा वेळ डोंगराकडं बघत उभा राहायचा. इथवर सगळं सुखाचं. पुढचं सुखाचं नाही.

नांदजाई म्हणजे गडांमधला गरीब गड. तिथं लढाई झाली नाही, कुणी राजा राहिला नाही. एक पडका दरवाजा, एक पाण्याचं टाकं, थोडी तटाची भिंत आणि पश्चिमेच्या कड्यावर दरीत डोकावणारा एक सपाट चिरा. माणसं धापा टाकत वर यायची आणि विचारायची, "इथं बघायचं काय?" आठ वर्षांपूर्वी एका बुधवारी धुकं एवढं होतं की दरीसुद्धा दिसेना. एक बाई फणकारून म्हणाल्या, "एवढं चढून आलो ते धोंडे बघायला?" नाथाजीला ते लागलं. गड कसाही असला तरी त्याचा होता.

"ह्यो साधा धोंडा न्हवं बाई," तो म्हणाला. "ह्यो हाकेचा चिरा. मोहिमंवर फौज निघाली की गडावरच्या बाया हितं येऊन हुब्या ऱ्हायच्या. आपापल्या मालकाच्या नावानं हाक मारायच्या. समोरच्या कड्यावर आपटून हाक फिरून आली, की गडी बी जित्ता फिरून येणार. आजपातुर कवा खोटं ठरलं न्हाई."

हे सगळं त्यानं उभ्या उभ्या रचलं. पण अगदीच हवेतून नाही. सुट्टी संपवून तो पलटणीत परत निघाला की त्याची आई घरामागच्या बांधावर चढायची आणि एसटी वळणाआड जाईपर्यंत त्याच्या नावानं हाका मारायची. समोर डोंगर होता, हाक परत यायची. मग आई खाली उतरायची आणि सुनेला सांगायची, आज केर काढू नगंस, हाक फिरलीया, आता पोरगं बी फिरंल. आणि तो दरवेळी फिरून आला होता. त्यामुळं सांगताना त्याचा आवाज भरून आला तो काही खोटा नव्हता. दुधात पाणी घातल्यावर कुणाला ते वेगळं काढता येतं?

फणकारलेल्या बाई पुढं झाल्या आणि अमेरिकेतल्या मुलाच्या नावानं त्यांनी हाक मारली. हाक फिरून आली. बाई तिथंच डोळ्यांना पदर लावून बसल्या.

पुढच्या बुधवारी नव्या लोकांनी आपण होऊन विचारलं, तो चिरा कुठंय? पुढं पुढं तर गणपती आणि घंटा आटपून कधी एकदा गडावर जातो असं माणसांना व्हायला लागलं. कुणाचा रिपोर्ट चांगला आला की केंद्राच्या पत्त्यावर नाथाजीच्या नावानं पेढे यायचे. बोलाफुलाला गाठ, दुसरं काय. ज्यांची माणसं गेली ती कशाला पेढे पाठवतील? पण पेढा तोंडात असताना एवढा विचार कोण करतो. नाथाजीलाही हळूहळू वाटायला लागलं की आपण रचलं खरं, पण त्यात काहीतरी असणार.

रंगुबाईला ते पटलं नव्हतं. "खोट्याला पाय नसत्यात म्हंत्यात," ती कढईत झारा फिरवत म्हणायची. "पर तुमच्या खोट्याला गाडी हाय. कवा तरी आंगावर यील."

एक अडचण होती. हाक फिरायची ती चिऱ्याच्या अगदी टोकावरूनच. चार पावलं मागं उभं राहिलं की आवाज दरीत जिरायचा, आणि हाक फिरली नाही की माणसांचा चेहरा उतरायचा. ते नाथाजीला बघवत नसे. म्हणून तो मागून सांगायचा, "आजून म्होरं व्हा. आजून थोडं."

गेल्या वर्षीच्या श्रावणात सांगलीहून चारुशीलाबाई आणि त्यांचे पती सुमंत केंद्रावर आले. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, सुमंत इंजिनियर. सुमंतांना आतड्याचा कॅन्सर होता. मिरजेला ऑपरेशन झालं होतं, औषधाचे डोस संपले होते, आणि पुढच्या आठवड्यात शेवटची तपासणी होती. तिचा निकाल काय लागतो यावर दोघांचं उरलेलं आयुष्य टांगलेलं. बुधवारी दोघं गडावर आले. सुमंतांना पुढं चालवेना, ते तटाच्या भिंतीवर टेकले. धुकं असं की वीस पावलांवरचा चिरा तिथून दिसत नव्हता.

नाथाजीनं गोष्ट सांगितली. बाई चिऱ्यावर गेल्या आणि अडखळल्या. मागं वळून हसून म्हणाल्या, "अहो, मी यांचं नाव कधी घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच."

"आता घ्या की मोकळ्यानं," नाथाजी म्हणाला. "हितं कोण हाय ऐकाया?"

बाईंनी हाक मारली, पण ती लाजून, घशातल्या घशात. ती फिरली नाही. बाईंचा चेहरा पांढरा पडला. आणि नाथाजी सवयीनं बोलून गेला, "आजून म्होरं व्हा बाई. आजून थोडं."

त्या दोन पावलं पुढं गेल्या आणि पोटातून आवाज काढून ओरडल्या, "सुमंत." पावसानं चिऱ्यावर शेवाळ धरलं होतं. समोरच्या कड्यावरून हाक स्वच्छ फिरून आली. ती आली तेव्हा चिऱ्यावर कुणी नव्हतं.

दोनशे फूट खालून वाडीतल्या माणसांनी त्यांचा देह वर आणला, बांबूच्या डालग्यात घालून. पोलिसांनी पंचनामा केला. पाय घसरला, निसरडं होतं, धुकं होतं. नाथाजीनंही तेच सांगितलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुणी त्याला बोल लावला नाही. केंद्रानं उलट, तुम्ही फार धावपळ केलीत, म्हणून पाठ थोपटली. घरी येऊन त्यानं रंगुबाईला सांगितलं, "म्याच म्होरं धाडली तिला." रंगुबाईनं दुसऱ्या दिवसापासून दुकान लावलं नाही.

नाथाजीनं नोकरी सोडली. पण त्यानं गाडी सोडली म्हणून गोष्ट थोडीच थांबते? त्याच्या जागी वीरधवल आला, शेजारच्याच वाडीतला, चाळिशीचा, गोडबोल्या. त्यानं गोष्टीला नवी फांदी फोडली: एका बाईनं इथं नवऱ्यासाठी जीव दिला आणि नवऱ्याचा रिपोर्ट साफ आला. रिपोर्ट साफ आला होता हे खरंच होतं. मग मोबाइलवर व्हिडिओ फिरले, रविवारी पुण्याच्या गाड्या यायला लागल्या. नाथाजीनं ग्रामपंचायतीत अर्ज दिला की टोकाला कठडा घाला. कठड्याचं घोंगडं भिजत पडलं, पण महिन्याभरात तिथं पाटी लागली. पाटीवर हाकेच्या चिऱ्याचा इतिहास होता आणि खाली चारुशीलाबाईंचं नाव. स्वतःच्या तोंडचं खोटं रंगानं लिहिलेलं नाथाजीनं पुन्हा पुन्हा वाचलं.

तेव्हापासून तो रोज सकाळी गडावर जायचा आणि चिऱ्यापाशी उभा राहायचा. येणाऱ्याला हात जोडून सांगायचा, "ह्ये खरं न्हाई. म्या रचलेलं हाय. मागं फिरा." माणसं पाटीकडं बघायची, मग त्याच्याकडं बघायची आणि त्याला वळसा घालून पुढं जायची. एकानं त्याला चहाला दहा रुपये दिले. कुणी म्हणायचं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. वीरधवल आपल्या लोकांना हळूच सांगायचा की ह्यानं ती बाई पडताना बघितली, तवापासून असंच बरळतंय. सात वर्षं त्याच्या खोट्यावर जग डोलत होतं, आणि आता तो खरं बोलत होता तर त्याला कुत्रं विचारीना. दुसरं कुणी पडलं तर? एवढा एकच घोर त्याला लागला होता, आणि त्या घोरानं तो निम्मा झाला होता.

पुन्हा श्रावण आला, पुन्हा शेवाळ धरलं. एका सकाळी एक बाई टोकाकडं निघाली. नाथाजीनं नेहमीचं सांगितलं, तिनं ऐकलं नाही. तेव्हा तो हरला. तो म्हणाला, "बरं, खरं हाय ताई. पर बाया टोकाला न्हवत्या जात. हितं भितीपाशी हुब्या ऱ्हायच्या. फिरून आली न्हाई तरी हाक पोचती." आणि ती बाई निमूट मागं आली, भिंतीपाशी उभी राहिली, हाक मारून खाली निघून गेली. एवढं सोपं होतं. नाथाजीला कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास आला.

"मग तिला पुढे का जायला सांगितलंत?"

भिंतीच्या पलीकडच्या कोपऱ्यात एक माणूस बसला होता. अंगात स्वेटर, हातात काठी. नाथाजीनं ओळखलं. ते सुमंत होते.

"मी इथंच बसलो होतो," सुमंत म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "धुक्यात दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तिनं हळू हाक मारली ती ऐकली. मग तुम्ही म्हणालात, आजून म्होरं व्हा. मग तिची हाक, आणि मग ती फिरून आलेली. चाळीस वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. वर्षभर मला वाटायचं, तुम्हाला रीत माहीत होती, टोकावर गेल्याशिवाय फळ नाही, म्हणून तुम्ही तसं म्हणालात. आज म्हणताय इथूनही पोचते. मग पुढे का?"

नाथाजी खाली बसला. "साहेब, रीत-बीत काय बी न्हाई. टोकाची बी म्याच रचली, भितीची बी आत्ता म्याच रचली. लोकांचं त्वांड उतरायचं, म्हणून म्होरं धाडायचो. बाईंचं बी उतरलं हुतं."

"हाक मारून कुणी वाचत नाही?"

"न्हाई साहेब."

सुमंत म्हणाले, "मी सगळ्यांना सांगतो की मी तिच्या हाकेनं वाचलो. मुलीलाही तेच सांगितलंय. तेवढ्यावर ती पोर उभी राहिली. आता तिला काय सांगू?"

नाथाजीला वाटलं, ह्यांनी काठीनं मारावं. पण सुमंत नुसते बसून होते, आणि ते काठीच्या माराहून वाईट होतं.

तेवढ्यात खालून बोलणं ऐकू आलं. वीरधवल केंद्राची मंडळी घेऊन चढून आला. बुधवार होता. त्यानं पाटीपाशी उभं राहून गोष्ट सांगितली आणि एका बाईंना म्हणाला, "व्हा ताई म्होरं, टोकावर जावा, हाक फिराया पायजे." बाई चप्पल काढून चिऱ्यावर चढल्या. नाथाजी उठला. तोंड उघडलं. खरं सांगितलं तर कुणी ऐकणार नव्हतं, आणि या माणसासमोर पुन्हा खोटं बोलायला त्याची जीभ उचलेना. तो नुसताच टोकावर जाऊन त्या बाईंच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"ताई, मागे या," सुमंत म्हणाले.

ते काठी टेकत पुढं आले होते. "मी सुमंत. त्या पाटीवर नाव आहे ती माझी बायको. हाक इथून मारायची, भिंतीपासून. फिरून ऐकू आली नाही तरी पोचते."

वीरधवलनं डोक्यावरची टोपी काढली. चिऱ्यावरच्या बाई खाली उतरल्या, सुमंतांच्या पाया पडल्या आणि भीतभीत म्हणाल्या, "तुमच्या मिसेसनी इथूनच मारली होती?"

"हो," सुमंत म्हणाले. "इथूनच."

नाथाजी टोकावर एकटा उभा होता. सुमंतांनी त्याच्याकडं पाहिलं नाही, आणि त्यानंतर कधी ते गडावर आलेही नाहीत. त्या बाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि नवऱ्याच्या नावानं त्यांनी हाक मारली. ती फिरून आली नाही.